खापर कोणावर फोडायचे? अडलेल्या पाण्याचा चारशे वर्षांचा इतिहास

१/
खान्देशात ‘खापर’ म्हटले की आधी आठवतात ते पुरणाचे मांडे. चुलीवर पालथे घातलेले मातीचे खापर आणि त्यावर अलगद सोडलेला, हातांवर फिरवून मोठा केलेला मांडा. याच नावाचे एक गाव नंदुरबार जिल्ह्यात आहे. अक्कलकुव्याच्या पुढे, गुजरातच्या सीमेजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता या खापरमधून जातो. आजचा थ्रेड त्याच रस्त्याने पूर्वेकडे, बऱ्हाणपुरापर्यंत जाणार आहे.

२/
मराठीत खापराचे आणखी दोन उपयोग आहेत. एक म्हणजे खापरी नळ. भाजलेल्या मातीचे हे नळ एकात एक बसवून, चुन्यात गाडून दख्खनच्या शहरांना शतकानुशतके पाणी पाजले गेले. दुसरा उपयोग आपल्या सर्वांच्या सवयीचा आहे : काही बिघडले की कोणावर तरी खापर फोडणे. पाणी कमी आले की ही दोन्ही खापरे एकत्र येतात. नळात काय अडले आहे हे कळण्यापूर्वीच दोष कोणाचा हे ठरलेले असते.

३/
सुरुवात आजच्या काळापासून करू. औषधांचा कारखाना, प्लास्टिकचे साचे, दूध शीतकरण केंद्र, मोठे रुग्णालय, या सर्व ठिकाणी चिलर नावाचे यंत्र असते. ते पाणी गार करते. एक पंप ते गार पाणी नळांतून कारखानाभर फिरवतो, पाणी वाटेत उष्णता उचलते आणि कोमट होऊन परत चिलरमध्ये येते. हे चक्र अहोरात्र चालते.

४/
या चक्रात पाण्याचा प्रवाह कमी झाला तर चिलरला धोका असतो. पाणी बाष्पकात रेंगाळते, वाजवीपेक्षा जास्त गार होते, क्वचित गोठते. गोठलेले पाणी फुगते आणि तांब्याच्या नळ्या फुटतात. म्हणून नळावर प्रवाह जोखणारी एक कळ असते. प्रवाह घटला की ती यंत्र बंद पाडते. कारखाना थांबतो, फोन वाजू लागतात आणि पहिले वाक्य ठरलेले असते : “पंप गेला.”

५/
बहुतेक वेळा पंप गेलेला नसतो. अनुभवी कारागीर पंप उघडण्याआधी दोन दाबमापकांकडे पाहतो. एक पंपाच्या आत येणाऱ्या बाजूला, दुसरे बाहेर जाणाऱ्या बाजूला. आतल्या बाजूचा दाब घसरला असेल तर अडथळा पंपाच्या अलीकडे आहे, बहुधा गाळणी तुंबली आहे. दोन्ही दाबांतला फरक नेहमीपेक्षा वाढला असेल तर पंप जोर लावतो आहे, पण पुढे वाट बंद आहे : अर्धवट मिटलेला व्हॉल्व्ह किंवा क्षार साचलेला नळ. काटा थरथरत असेल आणि पंपातून खडी भरडल्यासारखा आवाज येत असेल, तर आत हवा आहे किंवा पाण्याचीच वाफ होते आहे.

६/
यात एक मजेदार प्रकारही असतो. विजेच्या तीन तारांपैकी दोन अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते. अपकेंद्री पंप उलटा फिरला तरी पाणी देतो, फक्त फार कमी देतो. सगळे सुरू दिसते, आवाज येतो, पाणीही येते, आणि बिचारा पंप निकामी ठरवून उतरवला जातो. खापर फोडण्याची घाई किती महाग पडते, याचे याहून चांगले उदाहरण कारखान्यात शोधून सापडणार नाही.

७/
हवा, गाळ, क्षार, पातळी. अडलेल्या पाण्याची कारणे फिरून याच चार नावांवर येतात. या चारही शत्रूंची ओळख माणसाला विजेच्या कितीतरी आधी झाली होती. काहींची ओळख युरोपात झाली, काहींची तापीच्या आणि खामच्या काठी. योगायोग असा की यातले मोठे प्रसंग एकाच अर्धशतकात घडले.

८/
पहिला प्रसंग इटलीतला. १६३० साली जेनोव्हाच्या जोव्हानी बात्तिस्ता बालियानी याने गॅलिलिओला पत्र लिहिले. टेकडीवरून पाणी पलीकडे नेण्यासाठी त्याने वक्रनलिका बसवली होती. टेकडी सुमारे २१ मीटर उंच. नळ नीट होता, सांधे नीट होते, तरी पाणी चढेना. असे का व्हावे?

९/
गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संवादग्रंथात असाच एक किस्सा घातला आहे. टाकीवरचा पंप पाणी ओढेनासा झाला, म्हणून कारागिराला बोलावले. कारागिराने पाहून सांगितले की पंपात दोष नाही. टाकीतले पाणीच इतके खाली गेले आहे की ओढून घेणारा कोणताही पंप ते तेवढ्या उंचीवर आणू शकत नाही. मर्यादा अठरा हातांची, म्हणजे सुमारे साडेदहा मीटरची.

१०/
त्या काळचा जगातला सर्वांत नामांकित शास्त्रज्ञ ज्या प्रश्नावर चुकला, त्याचे अर्धे उत्तर एका अनामिक पंप दुरुस्त करणाऱ्याला ठाऊक होते. गॅलिलिओला वाटले, पाण्याचा स्तंभ दोरीसारखा स्वतःच्या वजनाने तुटतो. खरे कारण त्याचा शिष्य तोरिचेल्ली याने १६४४ मध्ये मांडले : पंप पाणी ओढतच नाही. बाहेरच्या हवेचे वजन ते वर ढकलते आणि त्या वजनाची ताकद तेवढ्याच उंचीपुरती आहे.

११/
महाराष्ट्रातल्या विहिरींवर हा नियम पुस्तकाशिवाय पाळला गेला. पाणी खाली गेले की शेतकरी पंप उचलून विहिरीतल्या खालच्या टप्प्यावर नेऊन बसवत असे. घर्षण, सांध्यांतली गळती, वाफ हे सारे धरले तर प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे भरवसा नसतो. पठारावरच्या पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात हवा विरळ, त्यामुळे मर्यादा समुद्रकाठापेक्षा आणखी अर्धा-पाऊण मीटर कमी. ‘पंपाने हवा धरली’ हा शेतावरचा वाक्प्रचार तोरिचेल्लीच्या सिद्धांताचा मराठी सारांश म्हणायला हरकत नाही.

१२/
आता बऱ्हाणपूर. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला आणि फारुकी सुलतानांचे हे शहर मुघलांच्या दख्खन मोहिमांचे मुख्य ठाणे बनले. तापीच्या काठी सैन्य, हत्ती, घोडे, व्यापारी आणि रंगारी यांची एकच गर्दी झाली. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्रज वकील सर टॉमस रो याच शहरात शहजादा परवेझला भेटला. पुढे फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये सुरतेहून नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशा वाटेने इथे आला आणि इथल्या तलम कापडाचे त्याने वर्णन केले. ते कापड इराण-तुर्कस्तानपर्यंत जात असे.

१३/
कापड धुवायला आणि रंगवायला पाणी लागते, तेही स्वच्छ आणि बारमाही. तापी शहराच्या पायाशी होती, पण खोल पात्रात. पावसाळ्यात ती गढूळ आणि उन्हाळ्यात रोडावलेली असे. शत्रूने नदीत विष कालवले तर काय, ही भीती कथेत हमखास येते. ती खरी असो वा नसो, छावणीच्या शहराला अशी भीती वाटणे स्वाभाविक होते.

१४/
त्या वेळी बऱ्हाणपुरात सुभेदार होता अब्दुर्रहीम खान-ए-खानान. हिंदी दोह्यांचा कवी म्हणून आपण ज्याला ओळखतो, तोच रहीम. त्याच्या काळात, १६१५ च्या सुमारास, शहरासाठी जमिनीखालून पाणी आणण्याची योजना उभी राहिली. तिचे श्रेय तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूजलतज्ज्ञाला दिले जाते. या शब्दांचा अर्थ ‘पृथ्वीचे थर’ असा होतो. आईबापांनी ठेवलेल्या नावापेक्षा ती पदवी अधिक शोभते.

१५/
योजना अशी. सातपुड्यावर पडणारा पाऊस पायथ्याच्या गोट्या-वाळूच्या थरात मुरतो आणि जमिनीखालून हळूहळू तापीकडे सरकतो. या वाहत्या भूजलाला वाटेत आडवे गाठायचे. त्यासाठी अगदी हलक्या उताराचा बोगदा खोदला. त्यावर ठरावीक अंतराने उभ्या कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी विवरे ठेवली. एकूण कुंड्या शंभराहून अधिक. भिंतींतून पाझरलेले पाणी बोगद्यात जमते आणि उताराने शहराकडे चालू लागते. यात पंप नाही, मोट नाही, बैल नाही. हाच कुंडी भंडारा, लोकांच्या तोंडी खूनी भंडारा.

१६/
इराणात या पद्धतीला कनात म्हणतात. बऱ्हाणपुरात मूल भंडारा, चिंताहरण आणि खूनी भंडारा यांचे पाणी जाली करंज या ठिकाणी एकत्र येई आणि तिथून नळांनी शहरात जाई. सुका भंडारा वेगळा होता, तो मुख्यतः बागा आणि मळ्यांसाठी. ‘खूनी’ या नावाभोवती अनेक कथा आहेत. पाण्याच्या लालसर रंगावरून ते पडले असे एक स्पष्टीकरण सांगितले जाते. रक्तपाताच्या कथा पर्यटकांना जास्त आवडतात, एवढे खरे.

१७/
कुंड्यांचे काम नीट पाहण्यासारखे आहे. खोदताना त्यांतून माती वर आली आणि उजेड-हवा खाली गेली. बांधून झाल्यावर त्याच कुंड्यांतून माणूस उतरून गाळ काढू शकत होता. कुठल्या दोन कुंड्यांच्या दरम्यान पाणी अडले आहे हे वरून डोकावून कळत होते. आजचा कारागीर गाळणीच्या अलीकडे आणि पलीकडे दाब पाहतो, त्यामागचा विचार हाच आहे : वाटेचे तुकडे पाडा आणि दोष कोणत्या तुकड्यात आहे ते शोधा.

१८/
रहीमचा मोठा प्रतिस्पर्धी होता मलिक अंबर. हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियातला. गुलाम म्हणून विकला गेला आणि शेवटी निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० च्या सुमारास त्याने खडकी या गावी नवे शहर वसवले. १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत मुघलांनी त्याचा पराभव केला. मुघल फौजेचा सेनापती होता शाहनवाझखान, रहीमचा मुलगा. विजयानंतर त्याने खडकी लुटली आणि जाळली.

१९/
ज्या घराण्याने बऱ्हाणपूरला पाणी दिले, त्याच घराण्याने खडकी बेचिराख केली. आणि त्या राखेवर, १६१७ च्या सुमारास, मलिक अंबरने नहर-ए-अंबरी बांधायला घेतली. शत्रूच्या राजधानीतल्या योजनेची वार्ता त्याच्यापर्यंत पोचली होती असे मानायला पुराव्याची गरज लागेल. इतके मात्र म्हणता येते की भूजल पकडून उताराने शहरात आणण्याची कला दोन्ही बाजूंच्या इराणी-दख्खनी जाणकारांच्या हाती होती.

२०/
नहरीविषयी एक कथा प्रसिद्ध आहे. मुल्ला मुहंमद नावाच्या मंत्र्याने ही कल्पना हसण्यावारी नेली. अंबरने पंधरा महिन्यांत आणि अडीच लाख रुपयांत ती पुरी करून दाखवली, असे सांगितले जाते. आकड्यांवर फार भर देऊ नये. १६२१ मध्ये मुघलांनी खडकी पुन्हा उद्ध्वस्त केली. वाडे पडले, पण जमिनीखालची नहर टिकली. पुढे औरंगजेबाच्या काळात शहर फुगले, तेव्हा याच धर्तीवर आणखी नहरी निघाल्या.

२१/
इथे खापरी नळ प्रवेश करतात, आणि त्यांच्याबरोबर दोन अडचणी. बोगद्यातले पाणी मोकळे वाहते. नळातले पाणी कोंडलेले असते. नळ सखल भागात उतरून पुन्हा चढला की तळाशी दाब वाढतो आणि भाजलेली माती तो सोसत नाही. उंचवट्यावर पाण्यातली हवा सुटून साचते. तो बुडबुडा दिसायला क्षुल्लक, पण नळाची अर्धी वाट तोच खातो. कधी प्रवाह पूर्ण थांबतो. वरच्या टोकाला पाणी भरपूर, खालचा हौद कोरडा.

२२/
यावर दख्खनने काढलेला तोडगा म्हणजे पाण्याचे मनोरे. नळ मनोऱ्यात उभा चढतो, माथ्यावरच्या उघड्या कुंडीत पाणी मोकळे होते आणि दुसऱ्या नळाने पुन्हा खाली उतरते. माथ्यावर हवा निघून जाते. उघड्या पाण्याच्या उंचीएवढाच दाब पुढच्या नळावर पडतो, त्यामुळे नळ फुटत नाही. कुंडीत पाणी क्षणभर थांबते तेव्हा जड गाळ तळाशी बसतो. एका बांधकामात तीन शत्रूंचा बंदोबस्त. आदिलशाही विजापुरात या मनोऱ्यांना गंज म्हणत. इस्तंबूलमध्ये अशाच मनोऱ्यांना ‘पाण्याचा तराजू’ अशा अर्थाचे नाव होते.

२३/
चिलरच्या नळांत सर्वांत उंच जागी आज पितळेची एक लहानशी डबी बसवलेली असते. आत तरंगता गोळा. हवा साचली की तो खाली बसतो, भोक उघडते, हवा निघून जाते. पाणी चढले की भोक मिटते. विजापूरचा गंज आकसून मुठीत मावेल एवढा झाला, असे तिच्याकडे पाहून वाटते. ही डबी गंजली किंवा रंगाऱ्याने तिचे भोक रंगवून टाकले की कारखान्यात पुन्हा तेच : “पंप गेला.”

२४/
नहरींच्या पाण्याचे सर्वांत देखणे काम म्हणजे पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची ही चक्की सतराव्या शतकाच्या अखेरची. काही मैलांवरून, हर्सूलच्या बाजूने आलेले पाणी उंच भिंतीतून चढवले जाते, तिथून ते हौदात कोसळते, आणि त्याच्या धारेवर जाते फिरत असे. यात्रेकरू आणि फकीर यांच्यासाठी धान्य दळले जाई. चक्की हे एका अर्थी प्रवाहमापकच होते. पाणी घटले की जाते मंदावे, आणि नहरीत कुठेतरी काही अडले आहे ही बातमी मैलभर चालत न जाता कळे.

२५/
पुण्याने याच कलेला अस्सल मराठी शब्द दिला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या आसपास, कात्रजहून शहरात पाणी आणले गेले. खापरी नळाऐवजी येथे दगडी बांधणीचा भुयारी मार्ग केला, माणूस आत शिरू शकेल इतका मोठा. वाटेत जागोजागी जमिनीवर डोके काढणारी बांधकामे ठेवली. त्यांना उच्छ्वास म्हणतात, बोलीत उसासे. कोंडलेल्या हवेने श्वास सोडायची जागा म्हणून उच्छ्वास. तांत्रिक परिभाषेची समिती बसवूनही इतका नेमका शब्द निघाला नसता.

२६/
कात्रजला एकाऐवजी दोन तलाव आहेत, त्यामागेही हाच विचार आहे. डोंगरातून आलेले गढूळ पाणी वरच्या तलावात थांबते, गाळ तिथे बसतो, निवळलेले पाणी खालच्या तलावात येते आणि तिथून भुयारी मार्गात जाते. शनिवारवाडा, काळा हौद, बदामी हौद, नाना हौद येथपर्यंत ते पोचे. गाळणी प्रवाहाच्या आरंभी हवी, शेवटी नव्हे, हे सूत्र इथे तलावाच्या आकारात दिसते.

२७/
आतापर्यंत हवा, गाळ आणि पातळी झाली. चौथा शत्रू सर्वांत सावकाश येतो. बऱ्हाणपूरच्या बोगद्यात उतरणाऱ्याला भिंतींवर पांढुरके, खरखरीत थर दिसतात. तो चुना आहे. सातपुड्यातून मुरताना पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि असे पाणी वाटेतला चुना विरघळवून सोबत घेते. बोगद्याच्या मोकळ्या हवेत आल्यावर तो वायू निसटतो, आणि चुना पाण्यात राहू शकत नाही. तो भिंतीवर बसतो.

२८/
म्हणजे ज्या कुंड्यांनी हवा आणि उजेड दिला, त्यांच्यातूनच वायू सुटतो आणि चुना बसायला मदत होते. भिंतीचे जे बारीक रंध्र पाणी पाझरू देतात, तेच हळूहळू बुजतात. बोगदा अरुंद होतो ते वेगळेच. एका वर्षात काही जाणवत नाही. पिढ्या गेल्या की पाणी ‘आपोआप’ कमी झालेले असते. असा दोष शोधणे सर्वांत अवघड, कारण ज्याने पूर्ण प्रवाह पाहिला तो माणूस हयात नसतो.

२९/
चिलरच्या गरम बाजूला, जिथे उष्णता बाहेर टाकली जाते, हाच चुना तांब्याच्या नळ्यांत बसतो. बऱ्हाणपुरात ज्याला शतके लागली ते इथे एका उन्हाळ्यात होऊ शकते, कारण तापलेले पाणी चुना लवकर सोडते आणि शीतक मनोऱ्यात बाष्पीभवन होऊन उरलेले पाणी अधिकाधिक क्षारयुक्त होत जाते. बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्या कारखान्यांना हे चांगले ठाऊक आहे. घरातल्या गिझरची कॉइल पाहिलेल्यांनाही.

३०/
चुन्याचा हा त्रास रोमन लोकांनीही भोगला. इ. स. ९७ मध्ये सम्राट नेर्व्हाने सेक्स्तुस युलियुस फ्रोंतिनुस याला रोमच्या पाणीपुरवठ्याचा अधिकारी नेमले. माजी सेनापती, माजी राज्यपाल. अशा बड्या माणसाने पद स्वीकारून हाताखालच्यांवर काम सोपवायचे, ही रीत होती. फ्रोंतिनुसने स्वतः पाट पाहिले आणि ग्रंथ लिहिला. गाळ साचून कठीण कवच बनते आणि पाण्याची वाट अरुंद होते, हे त्यात नमूद आहे.

३१/
त्याचे खरे मोठे काम मोजणीचे. शहरात पाणी कमी पडत होते. दप्तरात जितके पाणी लिहिले होते, त्याची उगमाशी प्रत्यक्ष मोजणी केली. उगमावर दप्तरापेक्षा सुमारे १०,००० क्विनारिया जास्त पाणी आढळले. क्विनारिया हे नळाच्या छिद्रावरून ठरलेले माप. म्हणजे निसर्गाचा काही दोष नव्हता. पाणी भरपूर येत होते आणि वाटेत नाहीसे होत होते. काही गळतीत गेले. बरेचसे खुद्द पाणीखात्याच्या नोकरांनी नळांना चोरून भोके पाडून विकले होते.

३२/
त्याचे प्रवाहमापन आजच्या दृष्टीने कच्चे होते, कारण तो छिद्राचा आकार मोजत होता आणि पाण्याचा वेग जमेस धरत नव्हता. पण दोन्ही टोकांना मोजायचे आणि मधली तफावत शोधायची, ही पद्धत अचूक होती. दुष्काळावर खापर फोडणे सोपे होते. त्याने ते चोरांवर फोडले, पुराव्यासह. अधिकाऱ्यांच्या इतिहासात अशी माणसे फार भेटत नाहीत.

३३/
पंप मराठी मुलखात घरोघरी आला तो विसाव्या शतकात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगरांपासून सुरुवात झाली आणि १९२० च्या दशकात तिथे अपकेंद्री पंप तयार होऊ लागले. मोटेची जागा इंजिनाने आणि पुढे विजेच्या मोटरने घेतली. याच काळात, १९२२ मध्ये, अमेरिकेत विलिस कॅरियरने अपकेंद्री चिलर जगासमोर आणला. उष्णता हलवण्यासाठी पाणी फिरवणे हा उद्योग झाला.

३४/
पंपाने एक मोठा बदल घडवला, आणि त्याची किंमत हळूहळू कळली. कनात किंवा नहर जमिनीत जेवढे पाणी पाझरते तेवढेच देते. पाऊस कमी तर प्रवाह कमी. शहराला ते लगेच दिसते आणि कुंड्या साफ करायला माणसे निघतात. पंपाला अशी लाज नसते. पातळी खाली गेली की तो खालून ओढतो. मागची टंचाई पुढे ढकलली जाते, आणि दोष दिसतो तेव्हा तो कित्येक मीटर खोल असतो.

३५/
सातपुड्याच्या पायथ्याचा गोट्या-वाळूचा पट्टा याचा साक्षीदार आहे. चोपडा, यावल, रावेर ते बऱ्हाणपूर हा केळीचा मुलूख. याच पट्ट्यात भूजल सर्वांत सहज मुरते, आणि याच पट्ट्यात विहिरी आणि बोअरवेल सर्वांत खोल गेल्या. कुंडी भंडाऱ्याचे पाणी घटले ते चुन्यामुळे आणि या उपशामुळेही. सोयीचे म्हणून केवळ चुन्यावर, किंवा केवळ केळीवर, खापर फोडता येणार नाही.

३६/
सातपुड्यातून तापीकडे वाहून जाणारे पावसाळी पाणी या पट्ट्यात मुरवण्याची मोठी योजना अनेक वर्षे चर्चेत होती. २०२५ च्या मे महिन्यात तापी खोरे महापुनर्भरण प्रकल्पासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात करार झाला. तबकुतुल अर्जाने ज्या थरातून पाणी घेतले, त्याच थरात आता पाणी परत घालायचे आहे. घेण्याचे काम चारशे वर्षांपूर्वी सोपे होते, कारण थर भरलेला होता.

३७/
छत्रपती संभाजीनगरात आज पिण्याचे पाणी पैठणच्या नाथसागरातून पंपांनी चढवून आणले जाते. नहरींवर शहर चढत गेले. रस्त्यांच्या, इमारतींच्या पायांच्या खोदकामात खापरी नळ फुटले, मनोरे पाडले गेले किंवा भिंतींत गाडले गेले. उंच टोकाची हवा कुठून निघत होती, ते ठाऊक असणाऱ्यांची साखळीही तुटली. नहरीचा एक तुकडा धडधाकट असून कोरडा राहतो, त्यामागे अनेकदा पाण्याचा अभाव नसून मधल्या वाटेचा तुटवडा असतो.

३८/
बऱ्हाणपुरात चित्र थोडे निराळे आहे. तिथे बोगद्यात अजून पाणी वाहते. पाहणाऱ्याला लिफ्टने कुंडीतून खाली उतरता येते. मार्च २०२४ मध्ये खूनी भंडाऱ्याचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आले. खाली उतरल्यावर पाणी घोट्यापर्यंत लागते, वर कुंड्यांच्या तोंडातून उजेडाचे गोल दिसतात, एकापुढे एक. भिंतीला हात लावला तर चुन्याचा खरखरीतपणा बोटांना लागतो आणि त्याच्या मागून, अजूनही, थेंब पाझरत असतो.